सात कोटी एकोणचाळीस लाख

अप्पांची उजवी बाजू गेली तेव्हा बोलणंही गेलं. अप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या घरात आम्ही दोघंच राहतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली, दादा पुण्याला असतो, आणि मी लग्न केलं नाही. त्यामागं काही मोठी कहाणी नाही, उगाच कुणी शोधत बसू नये. अप्पांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, मीही तेच शिकवते. घरात भांडण कन्नडमध्ये आणि हिशेब मराठीत, अशी आमची जुनी वाटणी. त्या सकाळी दोन्ही भाषा एकदमच गेल्या. हातातला चहाचा कप सुटला, मी "अप्पा, काय झालं?" म्हणून धावले, त्यांनी तोंड उघडलं आणि आतून नुसता घोगरा आवाज आला.

दवाखान्यात थोडी शुद्ध आल्यावर ते माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले. "सा… को…" असं काहीसं. जीभ जड झालेली. मला वाटलं साखर मागताहेत. म्हटलं, "साखर नाही द्यायची म्हणालेत अप्पा, पाणी देऊ?" चमच्यानं पाणी घातलं, ते त्यांनी ओठांवरून सांडू दिलं आणि माझ्याकडं टक लावून बघत राहिले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तोंड उघडलंच नाही.

तुला काय वाटलं गं तेव्हा, असं लोक विचारतात. काही नाही वाटलं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला नसतो, तसं झालं होतं. शाळेत जात होते, सहावीला लसावि-मसावि शिकवत होते, घरी येऊन भाकरी आणि शेंगाची चटणी खात होते. चटणी तिखट होती का अळणी, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शेजारच्या काकू जिन्यात गाठून म्हणायच्या, "रड गं बाई एकदाची, मोकळी हो." मी म्हणायचे, "वेळ मिळाला की रडते." त्यांना ते उद्धट वाटायचं. वाटू दे.

मी शाळेत असताना अप्पांना सांभाळायला मावशी यायच्या. कुंभारीहून सकाळच्या बसनं. घरात तेलुगू बोलणाऱ्या, आधी विड्या वळायच्या, पाठीनं साथ सोडल्यावर हे काम धरलं. हाताला बळ होतं आणि तोंडाला खळ नव्हता. अप्पांचं अंग पुसताना, कूस वळवताना त्यांच्याशी अखंड बोलत असायच्या, सुनेच्या कागाळ्यासुद्धा त्यांनाच सांगायच्या. अप्पा घरी येऊन थोडे दिवस झाले असतील. मी चपला काढायच्या आत मावशी म्हणाल्या, "ताई, आज अप्पा बोलले की!"

"काय बोलले?"

"आकडा बोलले. लई मोठा. कोटीतला हाय."

मी तशीच आत गेले. "अप्पा, काय म्हणालात? मला सांगा." त्यांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि गप्प. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. ते बघत राहिले. शेवटी मीच उठून कुकर लावला.

मग ते रोजचंच झालं. दुपारी अप्पा तो आकडा म्हणायचे, मावशी "व्हय की अप्पा, व्हय की" म्हणून मोकळ्या व्हायच्या, आणि मी आले की घरात चिडीचूप. परक्या बाईशी बोलतात आणि पोटच्या पोरीशी नाही. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटत नव्हतं, पण एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता. फळ्यावर गणित लिहिताना, भाजी निवडताना तेवढाच यायचा. यांना मी कळते का?

तो मी डॉक्टरांनाच विचारला. डॉक्टर चांगले होते, घाई नव्हती त्यांना. म्हणाले, "मॅडम, असं होतं. सगळी भाषा जाते आणि एखादी घोकलेली गोष्ट तेवढी उरते. कुणाची शिवी उरते, कुणाची आरती, कुणाचा पाढा. तीच परत परत येते. तिला अर्थ असतोच असं नाही."

"म्हणजे मी कळत नाही त्यांना?"

"तसं मी म्हणणार नाही. काही वेगळं बोलले, तुमच्या बोलण्याला धरून बोलले, तर आतमध्ये चालू आहे म्हणता येईल. तेच तेच म्हणत राहिले तर…" त्यांनी हात उलटा केला. मी थँक यू म्हणून बाहेर आले आणि रिक्षा केली.

दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, लॉकरचा नंबर असेल. नाहीतर कुठला तरी पासवर्ड."

"कसला डोंबलाचा पासवर्ड! अप्पांना टीव्हीचा रिमोट लावता येत नाही."

"तरी पण. मावशींना म्हणावं, नीट ऐकून मला पाठवा."

मावशींनी दुसऱ्या दिवशी अप्पांच्या उशाशी बसून ऐकलं आणि आम्हा दोघांना व्हॉट्सॅपवर आकडे पाठवले. ७४९४९१३३. मला तो मधल्या सुट्टीत मिळाला, स्टाफरूममध्ये.

इथं आमच्या घरची एक खोड सांगायला हवी. संख्या दिसली की ती फोडायची. गाडीचा नंबर असो, तिकिटाचा असो, कशाकशानं भाग जातो ते बघायचं. कशानंच जात नसेल तर ती मूळ संख्या, आणि मूळ संख्या सापडली की अप्पांचा चेहरा असा खुलायचा की हुरडा खाऊन आलेत. माणसांनाही ते भाजक लावायचे. गल्लीतला एक नगरसेवक होता, त्याला ते दोननं जाणारा म्हणायचे, म्हणजे कुणीही यावं आणि निम्मा करावा. आईला परिपूर्ण संख्या म्हणायचे. परिपूर्ण म्हणजे जिचे स्वतः सोडून सगळे विभाजक मिळवले की तीच संख्या परत येते, जशी सहा, अठ्ठावीस. त्यावर आई म्हणायची, "मिळवा मिळवा, तेवढी चूल पेटवून मिळवा." आणि मी स्थळं नाकारायला लागले तेव्हा नातेवाइकांना सांगायचे, "आमची मूळ हाय हो. एकानं जाते, नाहीतर स्वतःनं."

तर मी तो आकडा बघितला, मराठी पद्धतीनं स्वल्पविराम घालून. ७,४९,४९,१३३. काही करावंच लागलं नाही. सात, एकोणपन्नास, एकोणपन्नास, सगळी सातच्या पाढ्यातली. एकशे तेहेतीससुद्धा, एकोणीस गुणिले सात. अख्खी संख्या सातानं जाते, आणि तेही इतकं ढळढळीत की सहावीतल्या ढ पोरालाही दिसावं. अप्पांनी असली संख्या जन्मात कुणाला घातली नसती. त्यांना लाज वाटली असती. म्हणजे डॉक्टरांचं बरोबर होतं. अप्पांच्या आत अप्पा नव्हते, नुसते आकडे सांडत होते. मी फोन उपडा ठेवला आणि सातवी ब वर तासाला गेले.

दादानं मग पुण्याजवळच्या एका सेंटरची गोष्ट काढली. तिथं चोवीस तास नर्स असते, व्यायाम करून घेतात, तो दर आठवड्याला जाऊन भेटेल. हे सगळं तो स्पीकरवर बोलत होता आणि मी अप्पांना मऊ भात भरवत होते. "तुझी तरी किती फरफट करायची? आणि त्यांना काय कळतंय गं आता? सोलापूर काय नि पुणे काय." मी हो म्हणाले. त्या वेळी मला कुणी चंद्रावर पाठवू का विचारलं असतं तरी हो म्हणाले असते. अप्पांनी तोंड मिटून घेतलं. भात राहिला, तो मी झाकून ठेवला.

शनिवारी तो गाडी घेऊन येणार होता. माझी शाळा सकाळची. घरी येऊन अप्पांच्या दोन पिशव्या भरल्या. बंड्या, लुंग्या, औषधं, कानटोपी. तेवढ्यात नळाला पाणी आलं. सोलापुरात पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणूस मेलं तरी आधी पिंपं भरतात, म्हणून मी मागं मोरीत पाईप धरून उभी राहिले. मी शाळेतून आल्याचं अप्पांना माहीत नसावं, ते डोळे मिटून पडले होते. मावशी त्यांची कूस वळवत होत्या. आणि मला ऐकू आलं.

"सा…त कोटी. एकोणचाळीस लाख. एकोणचाळीस हजार. एकशे तेहेतीस."

"व्हय की अप्पा."

पाईप पिंपातून निसटला. पाणी मोरीत धो धो वाहायला लागलं आणि सोलापुरात जन्म काढूनही मी ते बंद केलं नाही. ओल्या पायांनी आत आले. अप्पा मला बघून गप्प झाले.

"मावशी, काय म्हणाले आता?"

"तेच की. रोजचं."

"एकोणचाळीस म्हणाले ना?"

"व्हय. चाळीस आन् नऊ." त्यांनी बोटं दाखवली. "मी लिव्हलं की तुमाला. चार, नऊ."

आता यात त्यांचा काय दोष? त्यांच्या तेलुगूत सरळ काम. तीस आणि नऊ म्हणायचं असेल तर तीस आणि नऊच म्हणतात. मराठीत आपण चाळिसाला जाऊन एक पाऊल मागं येतो आणि वर म्हणतो लोकांना कळत नाही. एकोण म्हणजे नऊ, चाळीस म्हणजे चाळीस, झाले एकोणपन्नास. पोरं पहिलीपासून हीच चूक करतात आणि मी पंचवीसएक वर्षं ती दुरुस्त करत आले. पण मला राग आला. मावशींचा नाही, माझा. आकडे हातात आले आणि मी एकदाही म्हटलं नाही की मावशी, तोंडानं म्हणून दाखवा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि तो राग होता, कानशिलं तापवणारा.

कारण ती संख्या मी ओळखत होते. डोळ्यांनी नाही, कानांनी. लहानपणी ती मी अंकांत फार बघितली नव्हती, ऐकली होती. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. आगगाडी रूळ बदलते तसा तिला एक ठेका आहे.

संध्याकाळी अप्पा शाळेतून येताना दादा आणि मी त्यांच्या दोन बाजूंना असायचो. ते एक संख्या म्हणायचे, आम्ही मूळ का संयुक्त ते सांगायचं. दादाचा जीव सगळा गोट्यांत, त्याला सुटका हवी असायची, म्हणून तो न बघताच "मूळ" म्हणायचा आणि अडकायचा. एक्याण्णवला अडकला, एकशे तेहेतीसला अडकला. मग अप्पांनी कुठल्याशा मासिकात वाचलेली ही संख्या आणली. ही मूळ आहे. हिचा उजवीकडचा एक अंक पुसला तरी उरते ती मूळच. आणखी एक पुसला, तरी मूळ. असं करत करत शेवटी एकटा सात उरतो, आणि सातही मूळ. अप्पा एकेक संख्या म्हणायचे, आम्ही "मूळ" म्हटलं की एक अंक गाळून पुढची. सातशे एकोणचाळीस मूळ आहे हे मी स्वतः तेवीसपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं होतं. सात हजार तीनशे त्र्याण्णवसाठी एक अख्खी दुपार घालवली. त्याच्या वरच्यांना अप्पा म्हणाले, "तेवढं माझ्यावर सोड." मी सोडलं. दादाला तर ती फारच आवडायची, कारण ही एकच संख्या अशी होती की त्याचं उत्तर कधी चुकायचं नाही.

"आणि वाढवली तर?" मी एकदा विचारलं होतं. "पुढं अंक लावला तर?"

"इल्ला," अप्पा म्हणाले. कन्नडमध्ये नाही म्हटलं म्हणजे ते पक्कं नाही. "एक लाव, सात लाव, तीनानं जाती. तीन लाव, नऊ लाव, तरी कुणीतरी भेटतोच फोडणारा. वाढायची तेवढी वाढली ती. आता नुसतं उतरायचं."

मी ओल्या पायांनी पलंगापाशी उभी होते आणि अप्पा माझ्याकडं बघत होते. दवाखान्यात बघत होते तसेच. आणि तेव्हा मला त्यांचा वर्ग आठवला. मी त्यांच्या हाताखाली शिकलेली आहे. अप्पा प्रश्न विचारायचे आणि गप्प उभे राहायचे. दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत, सूचक काही सांगायचे नाहीत, ओरडायचे तर नाहीतच. पोराकडं बघत उभे. पंख्याचा आवाज ऐकू यायचा. एकदा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर चुळबुळायला लागले तरी अप्पा हलले नव्हते. उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा त्यांचा एकच नियम.

दवाखान्यात त्यांनी मला प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना पाणी पाजलं होतं. मावशींचं "व्हय की" हे चुकलेलं उत्तर होतं, म्हणून त्यांना रोज नव्यानं विचारत होते. आणि मला त्यांनी एकदा विचारलं होतं, मग दुसऱ्यांदा कशाला विचारतील? ते थांबले होते. मी रोज समोर बसून कुकरच्या शिट्ट्या मोजून उठत होते.

दहावीच्या तोंडीला उभी असल्यासारखं झालं. जर मी उत्तर दिलं आणि ते परत तेच म्हणाले, सात कोटी एकोणचाळीस लाख, तर संपलं. मग डॉक्टर बरोबर, दादा बरोबर, पिशव्या भरलेल्याच होत्या. उत्तर न दिलेलंच बरं, असंही क्षणभर वाटलं.

"अप्पा," मी म्हणाले. "मूळ."

पंखा फिरत होता. मागं मोरीत पाणी वाहत होतं आणि मावशी "ताई, नळ…" म्हणत होत्या. अप्पांची जीभ तोंडात हलली, वाकड्या झालेल्या ओठातून थोडी लाळ आली, डावा हात चादरीवर पुढं सरकला.

"त्र्या…" ते म्हणाले. "त्र्याहत्तर लाख." दम घेतला. "त्र्याण्णव हजार. नऊशे तेरा."

नवी संख्या. एक अंक पुसलेली. बरोबर.

मला रडू आलं असं लिहायला हवं, पण आलं नाही. आत काहीतरी भलतंच जोरात हललं आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो अप्पा, अहो अप्पा, तुम्ही आहात की!" ते गप्प. हे उत्तर नव्हतं. मी खाली बसले, त्यांचा डावा हात धरला आणि म्हटलं, "मूळ."

"सात लाख. एकोणचाळीस हजार. तीनशे एक्याण्णव."

"मूळ."

"त्र्याहत्तर हजार. नऊशे एकोणचाळीस."

"मूळ."

आणि मग माझ्या लक्षात आलं की ज्याला हे कळतं त्याला बाकीचंही कळतं. स्पीकरवरचं सगळं. त्यांना काय कळतंय गं, सोलापूर काय नि पुणे काय. माझं हो. समोर उभ्या केलेल्या पिशव्या. मी पिशव्यांकडं बघितलं, अप्पांनीही बघितलं. मग परत माझ्याकडं.

"सात हजार तीनशे त्र्याण्णव," ते म्हणाले, थोडं अधिक स्पष्ट. त्या दुपारची भागाकाराची पाटी मला आठवली. मी मूळ म्हटलं.

"सातशे एकोणचाळीस."

"मूळ."

जिन्यात बूट वाजले. दादा दारात आला, हातात गाडीची किल्ली, "काय गं, मोरीत पाणी किती सोडलंयस, झालं का तुमचं?" म्हणत. मी हात वर करून त्याला थांबवलं, वर्गात उशिरा येणाऱ्या पोराला थांबवते तसं. तो उंबऱ्यातच थबकला.

"त्र्याहत्तर," अप्पा म्हणाले, आणि गप्प झाले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. ते दादाकडं बघत होते.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी काही सांगितलं नाही, सांगायचं नसतं. मावशींनी मागं जाऊन नळ बंद केला तशी घरात शांतता झाली, पंख्याचा तेवढा आवाज. अप्पा थांबले होते. दादाच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटेना, मग एकदम त्याच्या तोंडाचा रंग बदलला.

त्यानं किल्ली खिशात टाकली, बूट न काढताच आत आला आणि पलंगाशी जमिनीवर बसला.

"मूळ," दादा म्हणाला.